दिवा लागलाच नाही, म्हणून गाडी ओके?

सेकंड हँड गाडी बघायला गेल्यावर आपण काय बघतो? किलोमीटर, टायर, एसी आणि (खोटं कशाला बोला) म्युझिक सिस्टिम. गेल्या महिन्यात मित्राच्या पहिल्या गाडीसाठी आम्ही असेच गेलो होतो. पांढरी हॅचबॅक, दोन एअरबॅग, बजेटमध्ये बसणारी. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे लागले आणि विझले. ‘बघा, एकही फॉल्ट नाही,’ विकणारा म्हणाला. मित्र खूश. सोबत आलेल्या गॅरेजवाल्या काकांनी मात्र किल्ली पुन्हा फिरवली, मग आणखी एकदा.

‘एअरबॅगचा दिवा लागलाच नाही,’ ते म्हणाले. ‘तो लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागत नसेल तर बल्ब तरी गेलाय, नाहीतर कुणीतरी त्याचं तोंड बंद केलंय.’ त्यांनी स्कॅनर लावायचं म्हटलं, तर विकणाऱ्याने लावू दिला नाही. आम्ही परत आलो.

घरी येताना काकांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. एअरबॅगचा मेंदू म्हणजे एक छोटा धातूचा डबा, बहुतेक गाड्यांत गिअरच्या आसपास, कन्सोलखाली असतो. गाडी किती जोरात थांबली हे तो मोजतो आणि बॅग फोडायची की नाही हे सेकंदाच्या काही शतांशांत ठरवतो. एरवी प्रत्येक बॅगेच्या वायरिंगचा रेझिस्टन्स, साधारण दोन-तीन ओहम, तपासत बसतो. आकडा चुकला की दिवा लावतो.

पण कुठल्या बॅगांची चौकशी करायची हे त्याला आधी सांगावं लागतं. त्यालाच कॉन्फिगरेशन म्हणतात. एकाच मॉडेलच्या बेस व्हेरियंटला दोन एअरबॅग असतात, टॉपला सहा. भंगारातून टॉपचा डबा आणून बेसमध्ये बसवला, तर तो नसलेल्या चार बॅगा शोधत राहतो आणि दिवा काही विझत नाही. दुसऱ्या मॉडेलचा बसवला तर आणखी पंचाईत, कारण धडक ओळखायचं गणित त्या-त्या गाडीच्या सांगाड्यानुसार बसवलेलं असतं. प्लग बसला म्हणजे काम झालं असं नाही.

नीट दुरुस्ती करायची तर आधी कोड वाचायचा. पुसायचा नाही, वाचायचा! मग सीटखालची पिवळी कनेक्टर आणि स्टिअरिंगमधला क्लॉक स्प्रिंग बघायचा. अनेकदा दोष तिथेच निघतो, डबा बिचारा शाबूत असतो. हात घालण्याआधी बॅटरी काढून काही मिनिटं थांबायचं, कारण डब्यातल्या कपॅसिटरमध्ये बॅग फोडण्याइतकी वीज उरलेली असते. मल्टिमीटर थेट बॅगेला लावायचा नाही, फुटू शकते. डबा बदललाच तर कंपनीच्या स्कॅनरवर चेसिस नंबरनुसार कोडिंग करायचं. हे घरी व्हिडिओ बघून करायचं काम नाही.

जुगाड मात्र स्वस्त. फुटलेल्या बॅगेच्या जागी काही रुपयांचा रेझिस्टर लावला की डब्याला वाटतं बॅग आहे. दिवा विझतो, गाडी विकली जाते. अपघातानंतर बॅगा, डबा, बेल्ट, डॅशबोर्ड हे सगळं बदलायचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीला परवडत नाही, म्हणून हे चालतं. एकट्या मेकॅनिकला शिव्या घालण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. स्वस्तात दिवा घालवून द्या म्हणणारा मालकच असतो की.

आणि हे पकडणार कोण? आपली सगळी चर्चा नव्या गाड्यांची. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेल्सना शेजारच्या सीटचीही. सहा एअरबॅगचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला, पुढे ढकलला गेला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनी सक्ती करणार नाही असं सांगितलं. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपचे स्टार आले, तेही नव्या गाड्यांना. जुन्या गाडीचं काय? पीयूसीत फक्त धूर तपासतात. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मध्ये फिटनेस टेस्ट नाही. जुन्या गाड्यांच्या डीलर्ससाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम आले, पण त्यांचा भर कागदपत्रांवर. म्हणजे त्या डब्याकडे सरकारी माणूस पंधरा वर्षं बघतच नाही.

कंपन्याही चुकतात. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने एअरबॅग कंट्रोलर तपासायला १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. २०१६ मध्ये जनरल मोटर्सने जवळपास ४३ लाख गाड्या बोलावल्या. तिथे सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे डबा ऐन धडकेच्या वेळी टेस्ट मोडमध्ये जाण्याची शक्यता होती. पण निदान ती दुरुस्ती फुकट आणि नोंदवलेली. रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाकडे जातं, त्यामुळे सेकंड हँड घेताना चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

आणि एअरबॅग चालू असली तरी बेल्ट लावायचाच. ती बेल्टच्या मदतीला असते, बदल्यात नाही.

मित्राने अजून गाडी घेतलेली नाही. ती पांढरी हॅचबॅक परवा पुन्हा ॲपवर दिसली, थोडी स्वस्त झालीय. खाली लिहिलंय, ‘दोन एअरबॅग, नो फॉल्ट’.