काळं ऑइल खाडीपर्यंत जातं

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 या जहाजांची टक्कर झाली. सुमारे 800 टन तेल समुद्रात सांडलं. उरण, अलिबाग, घारापुरीच्या खारफुटीवर काळा थर चढला आणि मासळीला गिऱ्हाईक मिळेना. भिवपुरीत बसून आपण ती बातमी वाचली आणि पान उलटलं. समुद्र आपल्यापासून लांब, असंच वाटलं.

उघड्या समुद्रात लाटा तेल फोडतात, पांगवतात. खाडीत मात्र भरती ते आत आणते आणि ओहोटीत चिखलावर ठेवून जाते. तिवरांची मुळं श्वासासाठी चिखलाबाहेर डोकावतात; तेलाने त्यांची छिद्रं बुजली की झाड गुदमरतं. खेकड्यांच्या बिळांतून तेल खोल मुरतं. तिथे ऑक्सिजन नाही, म्हणून ते खाणारे जिवाणू फार सावकाश काम करतात. तेल वर्षानुवर्षं तसंच राहतं.

मग साफ करायचं? 1978 मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर अमोको कादिझ हे टँकर फुटलं. तिथल्या एका खाऱ्या दलदलीत यंत्रं घालून तेलासोबत मातीही खरवडली गेली. जिथे हात लावला नाही तो भाग लवकर सावरला, खरवडलेला मागे राहिला. दलदलीत ‘अनडू’चं बटण नसतं. तेल तिथे पोहोचूच न देणं हाच खरा उपाय.

इथे आपला संबंध येतो. उल्हास भिवपुरीजवळून बदलापूर, कल्याणमार्गे खाडीला मिळते. खालापूरची पाताळगंगा धरमतरच्या खाडीत जाते. दोन्हीकडे खारफुटी आहे. गॅरेजमागच्या नाल्यात ओतलेलं काळं ऑइल पहिल्या पावसात त्याच वाटेला लागतं. जहाजाचा अपघात एकदा होतो. हे रोज होतं, आणि त्याची बातमीही होत नाही.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याच नदीत ऑइल जाताना आपण गप्प का?

आपल्यातल्या कितीतरी भावांची गॅरेजं आहेत. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. 2016 च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. पण पाच-दहा लिटरसाठी गाडी कोण पाठवणार? चार-पाच गॅरेजांनी मिळून एक पिंप ठेवावं. ग्रामपंचायतीकडे, नगरपरिषदेकडे संकलनाची लेखी मागणी करावी. जुम्याच्या नमाजनंतर दहा मिनिटं हाच विषय घ्यावा.

जमीन आणि पाणी आपल्याकडे अमानत आहे. अमानतीचा हिशोब खाडीपाशी नाही, आपल्या दारातल्या नाल्यापासून सुरू होतो.