डोंगराचा जमाखर्च

ठाण्याहून डोंबिवलीस जाणाऱ्या आमच्या वाचकांस पारसिकचा डोंगर नित्याचा ओळखीचा आहे. १९१६ सालीं त्याच्या पोटांतून आगगाडीचा बोगदा निघाला. आतां त्याच्या अंगावर वस्ती चढली आहे. १९ जुलै २०२१ रोजीं भर पावसांत कळव्याच्या घोलाईनगरांत दरड घरावर कोसळून पांच जण मृत्यु पावले. अशा वार्तेवर आपण ‘दैव’ म्हणून उसासा टाकतों. परंतु डोंगराचाहि जमाखर्च मांडतां येतो, हें आज सांगावयाचें आहे.

बोगद्याच्याच सालीं, १९१६ मध्यें, स्वीडनमधील गोटेन्बर्ग बंदराचा एक धक्का खचला. त्याचा शोध घेतांना तेथील इंजिनियरांनीं एक रीत बसविली. माती ज्या वक्र रेषेवरून घसरेल ती कल्पावयाची. तिच्यावरील भागाच्या, वड्या पाडाव्या तशा, उभ्या फोडी करावयाच्या. आणि प्रत्येक फोडीचें वजन तिला किती खालीं ओढतें व घर्षण आणि चिकटपणा तिला किती धरून ठेवतात, हें मोजावयाचें. धरणाऱ्या बळास ओढणाऱ्या बळानें भागिलें कीं सुरक्षागुणक मिळतो. तो एकाहून कमी भरला तर उतार ढळलाच समजावें. म्हणून कायमच्या कामास तो दीडाच्या आसपास ठेवितात. आज संगणक अशा असंख्य रेषा तपासून सर्वांत दुबळी कोणती तें सांगतो.

मात्र आंकडे खरे पाहिजेत. आपल्या डोंगरांत काळ्या पाषाणाचे थर, त्यांमध्यें कोठें लाल मातीचे पट्टे आणि वर मुरूम असतो. पाणी मुरलें कीं वजन वाढतें, कणांमधील पाण्याचा दाब वाढून घर्षण घटतें. उन्हाळ्यांत काढलेला गुणक आषाढांत कामाचा नव्हे. पायथा खणला तर टेकूच जातो. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव सुमारें दीडशें माणसांसह गाडलें गेलें, तेंहि मुसळधार पावसांतच.

म्हणून डोंगराखालीं घर घेणाऱ्यानें विचारावें: आंतील थर छिद्रें पाडून पाहिले काय? भिजलेल्या उताराचा गुणक किती? पाणी वाहून नेण्याची व्यवस्था कोणती? ज्यांना ती जागा केवळ स्वस्त म्हणून पतकरावी लागते, त्यांना हे प्रश्न विचारण्याची सोयहि नसते. त्यांच्या वतीनें नगरपालिकेकडे हा जमाखर्च मागणें, हें शिकल्यासवरल्यांचें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.