पुराव्याचे ओझे फिर्यादीवर का?

महाडच्या चवदार तळ्याचा दावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लावला नव्हता. 20 मार्च 1927 रोजी अस्पृश्यांनी तळ्याचे पाणी घेतले आणि त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णच कोर्टात जाऊन मनाई हुकूम घेऊन आले. लढाई दहा वर्षे चालली. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले, कारण अस्पृश्यांना अडवण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे त्यांना शाबीत करता आले नाही. अडवणाऱ्यानेच आपला हक्क सिद्ध करायचा होता.

पुढे कायद्याने हेच सूत्र उचलले. नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 12 नुसार, अनुसूचित जातीच्या माणसाला पाणवठ्यावर, देवळात किंवा हॉटेलात अडवले, तर ते अस्पृश्यतेपोटीच झाले असे कोर्ट गृहीत धरते. तसे नव्हते, हे आरोपीने दाखवायचे.

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात मात्र सारे ओझे फिर्यादीच्याच डोक्यावर येते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिकणारे रान एकाचे, त्यात खुरपणारे हात दुसऱ्याचे. जातीय अत्याचाराची फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी काम बंद, दुकानातली उधारी बंद. असा बहिष्कार हाही अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे. पण तो नोंदवायला पुन्हा त्याच पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते आणि तिथे ‘आधी अर्ज द्या, चौकशी करतो’ असे उत्तर मिळाले, तर मजूर माणूस तिथेच खचतो. वास्तविक 2018 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरजच उरलेली नाही. फिर्याद लिहून घेणे, वाचून दाखवणे आणि तिची प्रत देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ते जाणूनबुजून टाळणाऱ्या अधिकाऱ्याला कलम 4 खाली सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. हे कलम वापरायला सरकार कचरते, आणि आमचा राग त्यावर आहे.

साक्षीदार टिकले नाहीत तर काय होते, ते खर्डा गावाने दाखवले. 2014 मध्ये तिथे एका दलित तरुणाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदारही गावातच राहतो, त्यालाही उद्याची मजुरी हवी असते. म्हणूनच अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995 च्या नियमांत फिर्यादी आणि साक्षीदारांना प्रवासखर्च आणि किमान वेतनाइतका भत्ता देण्याची तरतूद आहे. किती जणांच्या हातात तो पडतो?

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके बारामतीच्या प्रांताधिकाऱ्यांकडे येतात. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणाऱ्या उपविभागीय दक्षता समितीचे अध्यक्ष तेच, आणि दर तीन महिन्यांनी बैठक घेणे नियमाने बंधनकारक आहे. त्यांनी पुढची बैठक इंदापुरात घ्यावी. कोणत्या ठाण्यात किती गुन्हे नोंदले गेले, 60 दिवसांत किती दोषारोपपत्रे दाखल झाली, अर्थसाहाय्य आणि भत्ता कोणत्या तारखेला मिळाला, याचा तक्ता फिर्यादींची नावे वगळून प्रत्येक चावडीवर लावावा.