पाऊस कुणाचा, सोलो कुणाचा

वरच्या मजल्यावरच्या मुलाचा रॉक बँड आहे. गेले काही महिने त्यांची तालीम मला भिंतीतून ऐकू येते. या शुक्रवारी त्यांचं पहिलं सिंगल रिलीज झालं. ‘‘काका, पूर्ण ऐका हं, पॉवर बॅलड आहे,’’ असं बजावून तो गेला. मी पूर्ण ऐकलं. वाजवलंय चांगलं. पण गाणं पावसावर आहे, आणि तेही प्रेमाचं. मुंबईत पाणी तुंबण्यासाठीच ओळखल्या जाणाऱ्या हिंदमाताला वाढलेल्या मुलाने पावसावर प्रेमगीत करावं?

या मुलाचं दैवत अर्थातच गन्स अँड रोझेस. त्यांचं ‘नोव्हेंबर रेन’ 1991च्या अल्बममधलं. 1992 साली सिंगल म्हणून आलं आणि जवळजवळ नऊ मिनिटांचं असूनही अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. यूट्यूबवर तो व्हिडिओ 200 कोटींहून जास्त वेळा पाहिला गेलाय. 17 मे 2025ला ही मंडळी महालक्ष्मी रेसकोर्सवर येऊन गेली, तेव्हा हा मुलगा पहिला पगार उडवून तिथे होता. आमची हौस धोबीतलावच्या रंगभवनात स्वस्तात भागायची.

तर ‘नोव्हेंबर रेन’चा व्हिडिओ. लग्न लागलंय, बाहेर जेवणाची टेबलं मांडलीत, पाऊस येतो आणि सगळे सैरावैरा पळतात. एक गृहस्थ तर थेट केकमधून उडी मारतात. एवढं काय झालं? साधी सर आहे! आमच्याकडे जुलैत कार्य असलं की पाहुणे चपला पिशवीत घालून हॉलमध्ये शिरतात, साड्या वर खोचतात आणि मठ्ठा वाढायला सांगतात. पळणार तरी कुठे? परळला? केईएमच्या दारातही तेवढंच पाणी.

इथे ढग दाटले की कापडवाल्यांना विरह वगैरे आठवत नाही. ड्रेस मटेरियलच्या थप्प्या खालच्या फळीवरून वरच्या फळीवर जातात आणि एकच प्रश्न विचारला जातो: भरती किती वाजता? नोव्हेंबरची वाट पाहायची गरजही उरलेली नाही. रेसकोर्सवरची ती मैफल होऊन नऊच दिवस झाले होते, तोच 26 मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख 11 जून.

बॅलडची चाल मात्र आम्हाला कुणी शिकवायला नको, आमच्याकडे पाणीही तसंच चढतं. आधी हळूच पियानो, म्हणजे घोटा. मग ड्रम, पोटरी. गिटारचा सोलो सुरू झाला की गुडघा, आणि शेवटी सगळी वाद्यं एकदम उसळतात तेव्हा तळमजल्यावरचे लोक फ्रिज विटांवर चढवत असतात.

पालिकेने यावर काहीच केलं नाही असं नाही. पाणी साठवायला दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या झेव्हियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. भरती ओसरेपर्यंत पाणी तिथे थांबवायचं, ही कल्पना झकासच. शिवाय दोन उड्डाणपुलांमधला रस्ता उचलून पूल जोडले. आता गाड्या वरून कोरड्या जातात, खालचे आम्ही खाली.

या टाक्यांनी खरी पंचाईत केली ती चॅनेलवाल्यांची. पाऊस पडला की कॅमेरा हिंदमाताला, हा त्यांचा जुना शिरस्ता. पण हल्ली पाणी कधी चढतं, कधी लवकर उतरतं. मागे एक रिपोर्टर पोरगी आली, रेनकोट घालून, आणि पाणी जेमतेम घोट्याएवढं. कॅमेरामन वैतागला. ती बिचारी गुडघे वाकवून उभी राहिली. समोरच्या गॅलरीतून आमच्या मावशी हे सगळं पाहत होत्या. त्यांना राहवेना.

‘‘अगं, तिथं काय उभी राहतेस? तो पानवाला दिसतो ना, त्याच्या पुढ्यात जा. तिथं कंबरेपर्यंत मिळेल.’’