रसायनाचे ग्रंथ कोणासाठी?

सुरतेजवळील बमरोलीस लागूनच पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथील रंगाईच्या कारखान्यांत पॉलिएस्टर कापड दाबाखाली सुमारे १३० अंश उष्णतेवर रंगवितात. पोटासाठी खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे या भागात पुष्कळ. त्यांच्यातील एखाद्या विज्ञानाच्या पदवीधराने विचारले की, शंभर अंशांवर हा रंग नीट का चढत नाही, तर उत्तर काही गहन नाही. तंतूंतील लांबलचक रेणू एकमेकांस घट्ट बिलगलेले असतात. उष्णतेने ते सैल होतात आणि रंगाच्या कणांस आत वाट मिळते. एवढेच मराठीत सरळ सांगणारा, आणि तेथून पुढे रेणूंच्या गणितापर्यंत बोट धरून नेणारा ग्रंथ त्याने कोठे शोधावा?

भाषा संचालनालय १९६० साली निघाले, परिभाषा कोश झाले, नागपूरच्या ग्रंथनिर्मिती मंडळाने विद्यापीठीय पुस्तके काढली. त्या श्रमांस आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु शब्द म्हणजे ग्रंथ नव्हे. ‘क्षपण’ हा शब्द शुद्ध की अशुद्ध, यावर जेवढी शाई खर्च झाली तिच्या दशांशात क्षपण होताना इलेक्ट्रॉन कोठून कोठे जातो हे समजावून देता आले असते!

उच्च रसायन इंग्रजीतच शोभते, असे म्हणणारे विद्वान आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनी सुरतेच्याच त्रिभुवनदास गज्जरांकडे पाहावे. सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यास निघालेल्या कलाभवनात त्यांनी रंगकामासारखे विषय देशी भाषांतून शिकविण्याचा पायंडा पाडला. आणि मॉरिसन व बॉइड यांचे १९५९ चे सेंद्रिय रसायनाचे पुस्तक जगभर वाचले गेले ते केवळ इंग्रजीत होते म्हणून काय? छे! ते विद्यार्थ्याशी बोलते, म्हणून.

आमच्या देवस्थानांच्या वाचनालयांत पोथ्या आहेत, कादंबऱ्या आहेत; रसायनाचे कपाट कोठे आहे? कारखान्यांतून निवृत्त झालेले रसायनज्ञ प्रत्येक ज्ञातीत आहेत. मराठीत असो वा कोंकणीत, त्यांनी आपल्या कामातील एकेक प्रक्रिया लिहून काढावी. छपाईचा भार देवस्थानांनी उचलावा. तोवर निदान गुणवंतांच्या सत्कारातील शालींचा खर्च वाचवून मॉरिसन-बॉइडची एक प्रत आणि शेजारी परिभाषा कोश वाचनालयात ठेवण्यास विश्वस्तांची हरकत नसावी.