गडव्यावरचं नाव

परवा एका मावसभावाकडे गेलो होतो. (तो हे वाचतो, म्हणून नाव लिहीत नाही. चिडणार तर आहेच.) इथेच, अमरावतीच्या कॅम्पात फ्लॅट आहे त्याचा. हॉलमध्ये काचेचं नवीन कपाट, आत पिवळे दिवे, आणि त्या उजेडात मांडलेली त्याची नवी हौस.. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली चांदीचा मुलामा दिलेली इंग्रजी भांडी!

एकेक वस्तू काढून दाखवली त्याने. टोस्ट उभे करून ठेवायची जाळी. उकडलेल्या अंड्यांचे चार पेले आणि चार चमचे एकाच दांडीला अडकवलेले. सुरी टेकवायला छोटा घोडा. आणि एक मोठा शंख, पायांवर उभा. "हे काय असेल, ओळख!" मी हरलो. तो म्हणाला, चमचे गरम ठेवायचं भांडं. मोठ्या इंग्रजी घरांत स्वयंपाकघर जेवणाच्या खोलीपासून लांब असायचं. मांसाच्या रश्श्यात थंडगार चमचा घातला की त्यावर चरबी थिजायची. म्हणून शंखात गरम पाणी भरायचं आणि त्यात चमचे ठेवायचे.

खोटं कशाला सांगू, मला मजा आली. माणूस मनापासून सांगत होता. किंमतही सांगितली. अठरा हजार, फक्त त्या शंखाचे.

मी सहज विचारलं, "आजीची कोपर कोणाकडे गेली रे?"

"कोपर? हाताचं?"

हे ऐकून मी गार. अचलपूरला ज्या कोपरीत आजी आपल्या दोघांसाठी पोळीचा काला करायची, ज्या पितळी कोपरीभोवती सुट्टीत सात-आठ नातवंडं बसायची, ती याला आठवेना. बर्मिंगहॅमच्या साहेबाचा चमचा कसा गरम व्हायचा, ते मात्र तोंडपाठ!

तिथून घरी आल्यापासून डोक्यात हेच चाललंय. म्हणून आज जरा भांडणाच्या मूडमध्ये लिहितोय.

आधी एक सांगून टाकतो. "परदेशी वस्तू कशाला जमवायच्या" हा माझा मुद्दा अजिबात नाही. उलट त्या भांड्यांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेने चांदी चढवण्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. आत तांबं, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू. त्याला नाव 'जर्मन सिल्व्हर', आणि त्यात चांदीचा कणही नसतो! (आपल्याकडे 'जर्मनची भांडी' म्हणजे ॲल्युमिनियमची.) वरून चांदीचा पातळ थर. खालच्या बाजूला 'ई. पी. एन. एस.' असा शिक्का. खरी चांदी न परवडणाऱ्या कारकुना-दुकानदारांच्या टेबलावरही चकाकी आली. त्यातली काही खरंच सुंदर आहेत. ख्रिस्तोफर ड्रेसर नावाच्या माणसाने १८७८ नंतर हूकिन अँड हीथ या कंपनीसाठी केलेल्या टोस्टच्या जाळ्या फोटोत पाहिल्या, आज केल्या असतील असं वाटतं. त्याच सुमाराला आपला वऱ्हाडचा कापूस मुंबईहून बोटीत बसून लँकेशायरला जात होता. तेव्हा त्या टेबलाशी आपलाही लांबचा संबंध आहेच की!

म्हणजे हौस चांगलीच आहे. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ज्या डोळ्यांना त्या शंखात इतिहास दिसतो, त्याच डोळ्यांना आपल्या माळ्यावरच्या पितळेत नुसते किलो का दिसतात?

चांदीचा मुलामा म्हणजे तरी काय हो? एक प्रकारची कल्हईच ना! कल्हईवाला दारात भाता लावून बसायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा, आणि काळवंडलेलं बगुणं चांदीसारखं चमकायचं. मुलामा जसा घासून घासून उडतो, तशी कल्हईही उडायची. फरक एवढाच, की तो पुन्हा यायचा. आणि विनोदी आकारांचं म्हणाल, तर अडकित्ते पाहिलेत का? घोड्याचे, पोपटाचे, नवरा-बायकोच्या जोडीचे.. सुपारी फोडायच्या साध्या हत्याराला एवढी सजावट! साहेबाच्या चमच्याच्या शंखाहून हे काय कमी आहे?

ज्याला हे दिसलं, असा एक माणूस पुण्यात होऊन गेला. दिनकर केळकर (१८९६-१९९०). 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. जुन्या वाड्यांतून, बाजारांतून, गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी असं घरातलं रोजचं सामान जमवत गेले. लहानपणी वारलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं, आणि १९७५ साली वीस हजारांच्या आसपास वस्तू महाराष्ट्र सरकारच्या हवाली केल्या. तिकडे अहमदाबादला सुरेंद्र पटेलांनी १९८१ साली विशालाच्या आवारात नुसत्या भांड्यांचं संग्रहालय उभं केलं. या दोघांनी जे गोळा केलं, ते तुमच्या-माझ्यासारख्यांनी अडगळ म्हणून बाहेर काढलेलंच होतं!

आता माझी स्वतःची कबुली. नाहीतर म्हणाल, हा मोठा शहाणा..

२००९ साली अचलपूरचा वाडा विकला. माळ्यावरून भांडी उतरली. गुंड, घंगाळ, बंब, गंज, परात, ती कोपर, झाकण्या, सराटे. मोडवाला अंगणात काटा टांगून उभा. तांबं वेगळं, पितळ वेगळं. घट किती धरायची यावर मामांची त्याच्याशी अर्धा तास हुज्जत. आणि वही-पेन घेऊन बाजूला बसला होता तो मी. नीट आकडे लिहिले, बेरीज दोनदा तपासली. पाच भावंडांत पैसे सारखे वाटले गेले. कुठे काही वाद नाही. सगळे खूष.

त्यातून एक गडवा तेवढा वाचला. आजी त्याने तुळशीला पाणी घालायची, म्हणून तो बाहेर ओट्यावर होता. निघताना आईने पिशवीत टाकला. (पुण्याचे मित्र 'गडवा' शब्दाला हसतात. हसू द्या. तुमचा तांब्या, आमचा गडवा.) पुढे वर्षभराने एक दिवस मी चिंच लावून तो घासत होतो, तर पोटावर टोचून काढलेली अक्षरं वर आली. 'चि.' आणि एक मुलीचं नाव. खाली, 'हीस मामाकडून, शके १८६६'.

मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा तरी गडवा आपल्याकडे राहिला. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "अरे, आजीचंच ते नाव. माहेरचं."

रेशनकार्डावर, सात-बाराच्या उताऱ्यावर, मतदारयादीत, तिच्या फोटोखालच्या पट्टीवर, सगळीकडे सासरी ठेवलेलं नाव. शाळेचा दाखला नाही, कारण शाळाच नाही. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत ज्या नावाने तिला हाका मारल्या, ते नाव कागदावर कुठेच नव्हतं. ते त्या एका गडव्यावर होतं. मी चाळिशीला आलो तोवर मला ते माहीतच नव्हतं.

आणि मग लक्षात आलं. बाकीच्या भांड्यांवरही नावं होती! तेव्हा लग्नात भांडं द्यायचं तर नाव घालूनच द्यायची पद्धत. कोणी दिलं, कोणाला दिलं, कधी दिलं. कोण आत्या, कोण शेजारी, कोण गावचे सोयरे. अडचणीच्या वर्षी कोणी परात दिली, सुबत्तेच्या वर्षी कोणी घंगाळ दिलं. आमच्या घराण्याची ती वंशावळच होती, आणि तिच्यात बायकांची नावं होती. त्या दिवशी वही माझ्याच हातात होती. मी वजनं लिहिली. नावं एकही लिहिलं नाही.

हे पाप मावसभावाचं नाही, माझं आहे. म्हणूनच इतका त्रागा.

आता नेहमीची उत्तरं येणार. "फ्लॅटमध्ये जागा कुठे आहे?" काचेच्या कपाटाला जागा झाली ना? "पितळेला घासणार कोण?" त्या शंखाला जो मऊ फडक्याने पुसतो, तोच. (त्याने मात्र जपून पुसावं. दर पॉलिशला थोडी चांदी जाते.) "स्टील सोयीचं आहे." एकदम मान्य! रोजचा स्वयंपाक स्टीलमध्येच करा, कल्हई नसलेल्या पितळेत आंबट तर बिलकुल नको. मी वापरा म्हणत नाहीये, विकण्याआधी वाचा म्हणतोय. "इंग्रजी भांड्यांना बाजारात भाव आहे." असेलही. पण मोडीत मुलाम्याच्या भांड्याची चांदी कोणी मोजत नाही, थरच तेवढा असतो. तिथे भाव आहे तो गोष्टीला. आपल्या भांड्यांची गोष्ट आपणच विसरलो, मग भाव किलोचाच येणार!

आणि ते हॉटेलवाले.. घंगाळात प्लास्टिकची फुलं, बंबात विजेचा दिवा, भिंतीवर खिळे ठोकून लावलेले अडकित्ते. खाली पाटी, 'पारंपरिक चव'. त्या घंगाळावरही कोणाचं तरी नाव असेल. कोणी वाचलंय का?

आता घरच्या मंडळींसाठी खास. अकोल्याला मावशीकडे अजून दोन पेट्या आहेत. दिवाळीनंतर त्या निघणार असं कानावर आलंय. माझी हात जोडून विनंती आहे, मोडवाल्याला बोलावण्याआधी मला बोलवा. चिंच-मीठ मी घेऊन येतो. एकेक भांडं घासू, नाव वाचू, वहीत लिहू, फोटो काढू. ज्याचं-त्याचं एकेक भांडं ज्या-त्या घरी जाऊ दे. उरलेलं खुशाल विका, मी हूं की चूं करणार नाही. काटाही मीच धरीन.

आणि मावसभाऊ, तुला एकच काम. तुझ्या कपाटात मधल्या फळीवरचा तो शंख थोडा बाजूला सरकव. वीतभर जागा पुरे. पुढच्या रविवारी गडवा घेऊन येतो. काही दिवस तुझ्याकडे राहू दे, आजी तुझीही होतीच.

नाव मी इथे लिहीत नाही. घरी ये, बोट फिरवून वाच.