एका गणिताच्या तीन वाटा

संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की ज्या घरात दहावीचा विद्यार्थी आहे त्या घराचा नूर पालटतो. दूरचित्रवाणीचा संच मुका होतो, आल्यागेल्याला हलक्या आवाजात बोलावे लागते आणि रात्री उशिरापर्यंत एका खोलीतला दिवा जळत राहतो.

आमच्या घरी यंदा ही पाळी नातीची आहे. तिची शाळा हिंदी माध्यमाची. एका संध्याकाळी ती वही घेऊन आमच्याजवळ आली व म्हणाली, "आजोबा, हे द्विघात समीकरण काही केल्या सुटत नाही. गुणनखंडच सापडत नाहीत." आम्ही इंदूरच्याच मराठी शाळेत शिकलेले. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "अगं, याला वर्गसमीकरण म्हणतात, आणि गुणनखंड कसले, अवयव पाडायचे!" मग मधल्या चार पायऱ्या गाळून आम्ही उत्तर तिच्यापुढे ठेवले. तिने वही मिटली. "आमच्या मॅडम असं नाही करवत," एवढेच म्हणाली आणि निघून गेली. पुढे आठ दिवस ती वही आमच्याकडे फिरकली नाही.

चूक आमची होती, हे ध्यानात यायला ते आठ दिवस लागले. मुलीने वाट विचारली होती; आम्ही तिचे शब्द दुरुस्त करीत बसलो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही. हिंदी शाळेत द्विघात समीकरण व गुणनखंड; बडोद्याच्या गुजराती शाळेत समीकरण द्विघात, पण अवयव मात्र आपलेच; कानडी शाळेत वर्गसमीकरण हा आपला शब्द भेटतो, तर अवयवांना अपवर्तन म्हणतात; हैदराबादेकडच्या तेलुगू शाळेतही वर्गसमीकरणच. ज्या वक्ररेषेला मराठीत अन्वस्त म्हणतात, तीच हिंदीत परवलय होते. पाट्या निरनिराळ्या, गाव एकच. परंतु पाटी वाचता आली नाही म्हणून आजी-आजोबा गप्प बसतात आणि घरातले गणित शिकवणीवर्गाच्या स्वाधीन होते. त्याबरोबर मुलांशी बोलण्याचे एक निमित्तही हातचे जाते.

नवव्या दिवशी आम्ही वही मागितली नाही. नातीला फक्त एक कोडे घातले. वानरांचा एक कळप आहे. त्याच्या अष्टमांशाचा वर्ग केला असता जी संख्या येते तितकी वानरे वनात खेळत आहेत. उरलेली बारा टेकडीवर ओरडत आहेत. तर वानरे एकंदर किती? हे कोडे भास्कराचार्यांचे. १११४ साली जन्मलेल्या या गणितज्ञाने ११५० मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' रचला; त्यातील 'बीजगणित' भागात ही वानरे आहेत. नात हसली, आणि पेन्सिल घेऊन बसली.

कळप क्ष मानला तर समीकरण उभे राहते ते असे: क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. आता पहिली वाट अवयवांची. ज्यांचा गुणाकार ७६८ आणि बेरीज ६४ अशा दोन संख्या हव्यात. नात चाचपडू लागली: ८ आणि ९६, बेरीज १०४, १२ आणि ६४, बेरीज ७६, १६ आणि ४८, बेरीज ६४. सापडले! म्हणून (क्ष − १६)(क्ष − ४८) = ०; वानरे १६ किंवा ४८. हे चाचपडणे वाया जात नाही. ज्याचे पाढे व विभाजक पक्के, त्याचे अवयव लवकर पडतात. म्हणून सरावाचा पहिला अर्धा तास पाढ्यांना दिला तर तो गणितालाच दिला असे समजावे.

दुसरी वाट वर्ग पूर्ण करण्याची. अवयव हाती लागत नाहीत तेव्हा हीच तारते. ६४ चे निम्मे ३२, त्याचा वर्ग १०२४. तो दोन्ही बाजूंस मिळवला की (क्ष − ३२)² = २५६ होते; म्हणून क्ष − ३२ ही संख्या +१६ तरी असेल किंवा −१६ तरी. उत्तरे पुन्हा तीच, ४८ आणि १६. मुले जे सूत्र घोकतात ते याच क्रियेचे आटीव रूप आहे. भास्कराचार्यांनीही ही रीत आपली म्हणून सांगितली नाही. आपल्या आधीच्या श्रीधराचार्यांचा नियम त्यांनी नाव घेऊन दिला आहे.

तिसरी वाट आलेखाची, आणि मुले कंटाळा करतात तो हिचाच. बहुधा दोष प्रमाण निवडण्यात असतो. आम्ही आडव्या अक्षावर १ सेंटिमीटरला ८ वानरे आणि उभ्या अक्षावर १ सेंटिमीटरला ६४ असे प्रमाण घेतले. क्ष ला ८, १६, २४, ३२, ४०, ४८, ५६ या किमती देता समीकरणाच्या डाव्या बाजूची किंमत अनुक्रमे ३२०, ०, −१९२, −२५६, −१९२, ०, ३२० येते. म्हणजे कागदावर ५, ०, −३, −४, −३, ०, ५ सेंटिमीटर. सात ठिपके हलक्या हाताने जोडले आणि द्रोणासारखी वक्ररेषा उमटली. आडव्या अक्षाला ती १६ व ४८ वर छेदते आणि तिचा तळ बरोबर ३२ वर आहे. नात क्षणभर पाहतच राहिली. "म्हणजे तुम्ही निम्मे केलेले ३२ ते हे होय?" तिने विचारले. आठ दिवसांचा रुसवा तेथे संपला.

सरावाविषयी आमचे सांगणे एवढेच आहे. एकाच रीतीने तीस उदाहरणे उरकण्यापेक्षा रोज तीन उदाहरणे घ्यावीत आणि प्रत्येक तिन्ही वाटांनी सोडवावे. एका वाटेवर चिन्हाची चूक झाली तर दुसरी ती दाखवून देते. उत्तरे ताडून पाहायला पुस्तकाची शेवटची पाने उलटावी लागत नाहीत. शेवटी मुळे मूळ समीकरणात घालून पाहावीत. आणि उदाहरण शाब्दिक असेल तर आणखी एक पायरी उरते: उत्तर प्रसंगाला शोभते का, हे विचारावे.

याचीही वानगी भास्कराचार्यांनीच ठेवली आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली. एक मात्र फांदीवर दिसते. येथे क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे समीकरण येते, आणि त्याची मुळे ५० व ५. परंतु कळप पाचांचा मानला तर पंचमांश एक. त्यातून तीन वानरे वजा कशी करावीत? आचार्यांनी ५ हे उत्तर ग्राह्य मानले नाही. असल्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे कारण दिले. समीकरण दोन उत्तरे देते. त्यांतले कोणते ठेवायचे हे सोडवणाऱ्याने ठरवायचे. पहिल्या कोड्यात दोन्ही राहतात, दुसऱ्यात एकच.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. आमची अपेक्षा इतकी मोठी नाही. काल संध्याकाळी नात वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, आज अवयव तुम्ही पाडा, गुणनखंड मी करते. बघू, जुळतात का." जुळले.